अल्पे आद्रिया सायकलमार्गाला परवाना लागत नाही

आधी मुद्द्याचं सांगते. ऑस्ट्रियातल्या साल्झबुर्गहून निघून आल्प्स ओलांडून इटलीतल्या समुद्रकाठच्या ग्राडोला पोचणारा अल्पे आद्रिया सायकलमार्ग सगळ्यांना फुकट आहे. टोल नाही, पास नाही, बोगद्याचं तिकीट नाही. ब्योकश्टाइन ते मालनित्स हा एक टप्पा रेल्वेने पार करावा लागतो, त्याच्या तिकिटाचे काय ते पैसे. आम्ही चौघांनी मात्र माणशी ४५ युरो देऊन 'बोगदा परवाना' घेतला. लॅमिनेट केलेला, बारकोडसकट, कुरियरने घरपोच. आणि आमचे जे एकूण पैसे गेले त्यात हे सगळ्यात कमी.

आम्ही म्हणजे मी, नवरा, नणंद आणि तिचे यजमान. राहायला कोथरूडला. रविवारी पहाटे खडकवासल्यापर्यंत सायकल मारून येतो, तीसुद्धा साडेसातच्या आत, कारण नंतर रस्ता आपला राहत नाही. दोन वर्षांपूर्वी सिंहगड रस्त्यावर एका बसचा आरसा नणंदेच्या कोपराला लागला. तेव्हापासून 'एकही गाडी नाही' हे शब्द आमच्या घरात पंढरीच्या वाटेसारखे उच्चारले जायचे. त्यामुळे फोनवर एका सहल कंपनीची जाहिरात आली, 'फिलाख ते ग्राडो, दर मीटर वाहनमुक्त' (फिलाख हे याच मार्गावरचं ऑस्ट्रियातलं शहर), तेव्हा आम्ही वाचलं नाही, आम्ही विरघळलो.

खरं तर पहिली खूण त्या वाक्यातच होती. अख्खा मार्ग साधारण ४१० किलोमीटरचा. त्यातला इटलीतला तार्विझियोपासून पुढचा उताराचा भाग खरोखर स्वर्ग आहे. १८७९ साली पूर्ण झालेल्या पोंतेब्बाच्या जुन्या रेल्वेमार्गाचं ते अंथरूण. पुढे लांब बोगद्यांची नवी लाइन झाली, जुनी बंद पडली आणि तिच्यावर सायकलींसाठी डांबर पडलं. पण वेन्झोनेपासून उदिनेपर्यंत बऱ्याच ठिकाणी तुम्ही गावांतल्या साध्या रस्त्यांवरूनच जाता. रहदारी कमी असते, पण असते. ज्याने हा मार्ग एकदा जरी केलाय तो 'दर मीटर' असं लिहिणार नाही.

दुसरी खूण नणंदेने पकडली होती. जाहिरातीत लोखंडी पुलाचा फोटो होता, खाली फेल्ला नदीचं हिरवंनिळं पाणी. ती म्हणाली, "वहिनी, कोपऱ्यातल्या पाटीवरची अक्षरं उलटी का दिसतायत गं?" मी म्हटलं, इटालियन असेल. (हसा.) फोटो आरशातल्यासारखा उलटा केलेला होता. असं केलं की फोटोवरून शोध घेणाऱ्याला मूळ फोटो सहजासहजी सापडत नाही, हे नंतर कळलं.

व्हॉट्सॲपवर त्या कंपनीचा जो 'समन्वयक' होता तो फार गोड. रविवारी रात्री दहाला विचारा, दोन मिनिटांत उत्तर. सात दिवस, हॉटेलं, चार सायकली, त्यातल्या दोन बॅटरीच्या, रोज सामान पुढच्या मुक्कामी पोचवणार, मिळून ३,४८० युरो. आधी ४० टक्के म्हणाला. मग व्हिसाची तारीख जवळ आली आणि सूर बदलला: हॉटेलांची पक्की पत्रं हवी असतील तर पूर्ण रक्कम भरा, दूतावास अर्धवट बुकिंग मानत नाही. इथे आमची मान बरोब्बर सापडली. व्हिसाच्या फायलीत राहण्याची सोय दाखवावी लागते हे खरं, पण त्यासाठी फुकट रद्द करता येणारं बुकिंग आपलं आपण करता येतं. सगळे पैसे आगाऊ भरायची काही गरज नसते. आम्ही भरले. मग १८० युरोचे परवाने. मग ऐनवेळी सायकलींची अनामत, प्रत्येकी १००. बेरीज ४,०६० युरो, म्हणजे पावणेचार लाखांच्या घरात.

बँकेतला प्रसंग मला अजून डाचतो. परदेशी पैसे पाठवायचा ए२ फॉर्म भरताना काउंटरवरच्या मुलीने पेन थांबवलं. "काकू, कंपनी ऑस्ट्रियाची लिहिलीय, पण खातं लिथुएनियाचं आहे. चालेल ना?" युरोपातल्या खात्याच्या नंबरची, म्हणजे आयबॅनची, पहिली दोन अक्षरं देश सांगतात. ऑस्ट्रियाचा असेल तर एटी, इटलीचा आयटी. आमच्या कागदावर एलटी होतं. तिने विचारायचं ते विचारलं. मी काय म्हणावं? "अगं, युरोप सगळा एकच आहे आता."

सप्टेंबर २०२४ मध्ये फिलाखला उतरलो. हॉटेल खरं होतं, पत्ता खरा होता. स्वागतकक्षातल्या बाईंनी आमचं पत्र हातात घेतलं, ईमेलच्या ओळीवर नख ठेवलं आणि पत्र आमच्याकडे फिरवलं. हॉटेलच्या नावात एक 'एल' जास्त. फोन नंबर बरोबर होता, म्हणजे पुण्याहून एक फोन केला असता तर तिथेच सगळं उघड झालं असतं. समन्वयकाला कळवलं तर म्हणाला, सायकलींच्या गाडीला अपघात झालाय, दुसऱ्या गाडीसाठी २५० युरो तातडीने पाठवा. नवऱ्याने बँकेचं ॲप उघडलंसुद्धा! तेवढ्यात म्युनिकहून भाचीचा फोन आला म्हणून वाचलो.

"मावशी, त्यांच्या साइटवर इम्प्रेसुम होतं का?" तिने विचारलं. तो काय प्रकार असतो तेही मला माहीत नव्हतं. ऑस्ट्रियातल्या किंवा जर्मनीतल्या धंदेवाल्याला साइटवर स्वतःचं नाव, पत्ता आणि नोंदणीचा तपशील द्यावाच लागतो, त्या पानाला इम्प्रेसुम म्हणतात. त्यात बहुधा करक्रमांकही असतो. ऑस्ट्रियाचा एटीयू आणि पुढे आठ आकडे असा असतो, आणि युरोपीय संघाच्या व्हीआयईएस नावाच्या पानावर तो खरा की खोटा ते फुकट तपासता येतं. ऑस्ट्रियातल्या सहल कंपन्यांची नोंद गीसा या सरकारी यादीतही बघता येते. आमच्या कंपनीच्या साइटवर होता फक्त व्हॉट्सॲपचा नंबर आणि हसऱ्या माणसांचे फोटो. भाचीला हे सगळं शोधायला दहा मिनिटं लागली.

दुसऱ्या दिवशी पोलिसांत तक्रार दिली. त्यांनी नीट लिहून घेतलं, कागदाची प्रत दिली, आणि व्हिसाच्या फायलीत हीच खोटी पत्रं लागली होती हेही आम्ही त्यात सांगून ठेवलं. मग परत फिरायचं की काय यावर रात्रभर खल. पैसे तर गेलेलेच. तिथल्याच एका दुकानातून दोन दिवसांसाठी साध्या सायकली घेतल्या. दुकानदाराने पासपोर्ट बघितला, कार्डावर रक्कम अडवून ठेवली आणि सायकल परत आल्यावर सोडली. आगाऊ काही नाही. खरा व्यवहार असा दिसतो.

सायकलींसकट रेल्वेने तार्विझियो गाठलं. काम्पोरोस्सोपर्यंत थोडा चढ, आणि तिथून जो उतार लागला तो लागलाच. पुलावरून खाली बघितलं की नदी, वर राखाडी कडे, आणि आवाज फक्त चाकांचा. पहिला बोगदा आला तसे नणंदेचे यजमान थांबले, गळ्यातला परवाना शर्टाच्या बाहेर काढला, नीट सरळ केला. दाखवायला तिथे कोणी नव्हतं. फाटक नाही, खोली नाही, माणूस नाही. आत दिवे लागलेले. मागून एक आजीबाई आल्या, पुढच्या टोपलीत त्यांचा कुत्रा, "चाओ" म्हणून सरळ आत गेल्या. भाऊजींनी परवाना खिशात घातला. क्युझाफोर्तेच्या जुन्या स्टेशनात आता सायकलवाल्यांसाठी खाण्यापिण्याची सोय आहे, तिथे कॉफी पिईपर्यंत कोणी काही बोललं नाही. मग नणंदच हसायला लागली, आणि मग सगळेच.

वेन्झोनेला मुक्काम केला. १९७६ च्या भूकंपांनी हे गाव पार झोपवलं होतं. तिथल्या लोकांनी दगड ओळखून ओळखून तटबंदी आणि चर्च पुन्हा उभं केलं. ग्राडो राहिलं.

पुण्यात आल्यावर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन केला, सायबर गुन्ह्यांच्या सरकारी पोर्टलवर तक्रार टाकली. तिथल्या माणसाने पहिलाच प्रश्न विचारला, पैसे जाऊन किती दिवस झाले? अडीच महिने, म्हटलं. तो गप्प झाला. पहिल्या काही तासांत फोन आला तर रक्कम अडवायची थोडी तरी आशा असते. कार्डाने भरले असते तर बँकेकडे वाद नोंदवून परत मागता आले असते, पण समन्वयकाने कार्ड 'तांत्रिक कारणाने बंद' ठेवलं होतं, आणि खात्यात थेट भरले तर ३ टक्के सूटही दिली होती. आमच्या बँकेने समोरच्या बँकेला रक्कम परत मागणारा निरोप पाठवला. पाच आठवड्यांनी उत्तर आलं, खात्यात शिल्लक नाही. त्या निरोपाचं शुल्क बँकेने आमच्या खात्यातून कापून घेतलं, अधिक जीएसटी.