मुकादमाला बाहेर बसवणारी खोली: नागपुरातलं मोफत एचआयव्ही तपासणी केंद्र

पाचपैकी चार तारे. एक कापला तो चौकीदारापायी.

मी काटोलकडे संत्रा तोडाईचा मुकादम. आंबिया बहाराला छिंदवाड्याकडून टोळी आणतो. पोट्टे दोन-अडीच महिने बगिच्यातच झोपडी टाकून राहतात, बायका गावी. बाजाराच्या दिवशी हातात पैसा येतो आणि मग जे व्हायचं ते होतं. मुकादमाला सगळं ठाऊक असतं, बोलत कोणी नाही. यंदा एकाला खाली जखम झाली. 'गर्मी' समजून गुप्तरोगाची पाटी लावून बसलेल्या एकाकडे त्याने नऊशे रुपये घातले, सुई टोचून घेतली, फरक काही पडला नाही. काटोलात ओळखीचे भेटतात म्हणून तिथे दाखवायला तयार नाही. शेवटी कळमन्याला माल नेणाऱ्या गाडीतच त्याला आणि आणखी दोघांना बसवलं, आणि एका सरकारी दवाखान्यात नेलं.

पाटीवर 'आयसीटीसी', म्हणजे एचआयव्हीचं समुपदेशन आणि तपासणी करणारं केंद्र. मजुराला काय कळणार बाप्पा? चौकीदाराला विचारलं तर चारचौघांत ओरडला, "एड्सवाले तिकडे, मागं!" तिघांतला एक तिथूनच फिरला आणि चहाच्या टपरीवर जाऊन बसला. त्याला समजावण्यात अर्धा तास गेला.

आत समुपदेशक बाई होत्या. माणसं माझीच, म्हणून मी खुर्ची ओढली. त्या म्हणाल्या, "भाऊ, तुम्ही बाहेर बसा." खरं सांगतो, डोकं गरम झालं. गाडीभाडं माझं, कामाचा खाडा माझा, आणि मलाच बाहेर? रिपोर्टही सांगेनात. वाद घातला तर एचआयव्ही-एड्सचा २०१७ चा कायदा ऐकवला: तपासणी ज्याची त्याच्या मर्जीने, निकाल त्याचा त्याला, आणि एचआयव्ही आहे म्हणून कोणाला कामावरून काढता येत नाही. मी तर मनात तेच धरून आलो होतो, कोणाचं निघालं तर हिशेब चुकता करून गावी धाडू. बाईंनी ते चेहऱ्यावरच वाचलं असावं. मी चूप बाहेर जाऊन बसलो.

आतलं मला परतीच्या वाटेवर पोट्ट्यांकडून कळलं. बाई त्यांच्याशी हिंदीतच बोलल्या, एकेकाला वेगळं बसवून. निकाल त्याच दिवशी, पैसा एकही नाही, वर निरोध फुकट. हल्लीच संबंध आला असेल तर आजच्या निगेटिव्हवर जाऊ नका, तीन महिन्यांनी परत तपासा, असं बजावलं. जखमेसाठी त्याच आवारातल्या सुरक्षा क्लिनिकात, म्हणजे गुप्तरोगांच्या सरकारी दवाखान्यात, पाठवलं. तिथे औषध मिळालं आणि बायकोलाही दाखव, नाहीतर फिरून होईल, असं सांगितलं. पॉझिटिव्ह निघालं तरी गोळ्या एआरटी केंद्रातून, म्हणजे एचआयव्हीच्या उपचार केंद्रातून, मोफत, आणि गावी गेल्यावर नाव तिकडच्या केंद्रात बदलून मिळतं. आमच्यासारख्या फिरत्या माणसांसाठी हेच सगळ्यात कामाचं, नाहीतर हंगाम संपला की गोळीही संपली.

जवळचं केंद्र कुठे ते एड्स हेल्पलाइनच्या १०९७ वर विचारा, फोन फुकट आहे. चौकीदाराच्या भरवशावर राहू नका.

गाडीतून उतरताना जखमवाला म्हणाला, "मृग बहाराच्या तोडाईला आलो की परत न्याल ना?" तीन महिने तेव्हाच भरतात. नेईन म्हटलं. त्याचा रिपोर्ट काय आला, मी अजून विचारलेलं नाही.