उधारीच्या रेघा आणि बत्तीस पाने : ठाण्यातील एका स्मृतिपुस्तिका सेवेविषयी

निधनवार्तेचा साचा आपल्या सर्वांच्या परिचयाचा आहे. अल्पशा आजाराने निधन, मनमिळाऊ आणि धार्मिक वृत्ती, पश्चात दोन मुलगे, सुना, मुलगी, जावई, नातवंडे असा परिवार, आणि शेवटी दशक्रिया विधीचे ठिकाण व वेळ. ठाणे पूर्वेतील चेंदणी कोळीवाड्यात राहणारी माझी आत्या गेली तेव्हा तिच्याविषयीही अशाच चार ओळी छापून आल्या. ज्या बाईने चाळीसहून अधिक वर्षे ठाण्याच्या बाजारात पाटी लावून मासळी विकली आणि त्या पैशावर घर उभे केले, तिच्या वार्तेत मासळीचा साधा उल्लेखही नव्हता. यात वृत्तपत्राला दोष देता येत नाही, कारण मजकूर आम्ही घरच्यांनीच दिला होता, आणि तो देताना कोणालाही काही कमी आहे असे वाटले नव्हते. मीठबंदर रोडवर लावलेल्या फ्लेक्सवरही छायाचित्र, दोन समया आणि ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ यांपलीकडे काही नव्हते, आणि तो फ्लेक्स उत्तरकार्यानंतर उतरला.

वर्षश्राद्धाला भांडी किंवा स्टीलचे डबे वाटण्याऐवजी तिच्यावर एक पुस्तिका काढावी, अशी सूचना माझ्या आतेभावाने केली, आणि त्यातून आम्ही नौपाड्यातील एका छोट्या छपाईवाल्यांकडे पोहोचलो. पतिपत्नी मिळून हे काम करतात. मूळ व्यवसाय लग्नपत्रिका, पावतीपुस्तके आणि मंडळांचे अहवाल छापण्याचा आहे. स्मृतिपुस्तिकांचे काम त्याला नंतर जोडलेले आहे. एका वेळी त्यांना मोजकीच कामे घेता येतात, म्हणून नाव छापू नये अशी त्यांची विनंती आहे आणि ती मी पाळत आहे. गोखले रोडवरील कोणत्याही जुन्या छपाईवाल्याकडे चौकशी केल्यास पत्ता मिळतो.

सेवेचे स्वरूप थोडक्यात असे. लेखिका, म्हणजे त्या दांपत्यातील पत्नी, घरी येऊन बोलणी ध्वनिमुद्रित करतात, कागदपत्रे व छायाचित्रे पाहतात, बाहेरच्या माणसांना भेटतात आणि मजकूर लिहितात. पती मांडणी आणि छपाई पाहतात. बत्तीस पाने, मधोमध पिना मारलेली बांधणी, रंगीत मुखपृष्ठ आणि आत कृष्णधवल छपाई असा आमचा प्रकार होता. मुलाखती व लेखन यांचे बारा हजार रुपये आणि छपाईचे प्रतीमागे पासष्ट रुपये असा दर आम्हाला पडला. रक्कम लहान नाही. मात्र या पैशाचा मोठा भाग कागदावर खर्च होत नसून विचारपूस करण्यावर होतो, हे पहिल्या बैठकीतच लक्षात येते.

त्या बैठकीत आम्ही सवयीप्रमाणे विशेषणे पुरवू लागलो. आत्या प्रेमळ होती, कष्टाळू होती, देवभोळी होती. लेखिकेने हे सर्व ऐकून घेतले, पण वहीत काहीही लिहिले नाही, आणि आत्या घरातून किती वाजता निघत असे, असे विचारले. मग कोणती गाडी, पाटी डोक्यावर कोण ठेवत असे, माल खाडीचा की बाहेरचा, भवानी सहसा कोणाकडून होत असे, उरलेल्या मासळीचे काय करत असत, असे एकामागून एक प्रश्न आले. आमच्यापैकी प्रत्येकाला एकेका प्रश्नाचे अर्धेच उत्तर ठाऊक होते, आणि ती अर्धी उत्तरे जुळवताना तासभर घरात असा गलका झाला की सुतकाच्या दिवसांतही तिच्याविषयी एवढे बोलणे झाले नव्हते.

या प्रश्नांमधून जे हाती आले त्याचा एक नमुना देतो. सुरुवातीच्या वर्षांत आत्याचे यजमान खाडीत डोल लावत. डोल हे खुंटांना बांधून ठेवलेले पिशवीसारखे जाळे असते आणि त्यात मासळी शिरते ती पाण्याच्या ओढीने. त्यामुळे अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास, उधाणाच्या दिवसांत, पाण्याला जोर असताना माल चांगला मिळे, आणि मधल्या भांगाच्या दिवसांत तो रोडावे. आम्हा मुलांना एवढेच आठवत होते की आत्या काही दिवस पहाटे घरी असे आणि काही दिवस नसे. ते दिवस पंचांगाप्रमाणे ठरत असत, हे पुस्तिकेमुळे कळले. भांगात ती पहाटेच्या लोकलच्या लगेज डब्यातून भाऊच्या धक्क्यावर जाई, लिलावात माल घेई आणि बाजार भरायच्या आत ठाण्यात परते. पुढे ठाणे-बेलापूर पट्ट्यातील कारखाने वाढले, खाडीतील मासळी घटली आणि धक्क्यावरची ही वारी रोजचीच झाली. १ जून ते ३१ जुलै या मासेमारी बंदीच्या काळात सुके बोंबील, जवळा आणि सुकट यांवर घर चाले, आणि तो माल ती उन्हाळ्यातच भरून ठेवी. हा सगळा क्रम लेखिकेने तीन पानांत असा मांडला आहे की कोळीवाड्याशी संबंध नसलेल्या वाचकालाही तो सहज समजतो, आणि कोळीवाड्यातील म्हाताऱ्यांनाही त्यात चूक सापडली नाही. यातले दुसरे अधिक अवघड आहे.

घरच्यांशिवाय इतरांना भेटण्याचा त्यांचा आग्रह ही या सेवेची सर्वांत मोठी जमेची बाजू मी मानतो. बहुतेक स्मरणिकांमध्ये नातेवाईकच नातेवाइकांविषयी लिहितात, आणि त्यामुळे गेलेली व्यक्ती फक्त कोणाची तरी आई, आजी किंवा काकू एवढीच उरते. लेखिका बाजारात जाऊन आत्याच्या शेजारी बसणाऱ्या दोघींना भेटल्या, बर्फवाल्याला भेटल्या, आणि घंटाळीतील एका निवृत्त शिक्षिकेलाही त्यांनी शोधून काढले, ज्यांचा उल्लेख आत्या केवळ ‘घंटाळीची मास्तरीण’ असा करत असे. त्या शिक्षिकेने सांगितले की त्यांच्या बाळंतपणात आत्याने पैसे न घेता महिनाभर मांदेली पोहोचवली होती आणि पुढे त्या स्वतः ती उधारी चुकती करायला गेल्यावर आत्याने हिशेब मोडला म्हणून भांडणही केले होते. आमच्या घरात ही हकिकत कोणालाही ठाऊक नव्हती.

उधारीवरून आठवले. आत्याच्या स्वयंपाकघराच्या दाराच्या आतल्या अंगाला खडूच्या रेघा आहेत. उभी रेघ म्हणजे एक वाटा उधार, तिच्यावरून ओढलेली आडवी रेघ म्हणजे पैसे मिळाले. गिऱ्हाइकाच्या नावाऐवजी तिने खुणा केल्या होत्या : एक छत्री, एक गोल चष्मा, एक तुळशीवृंदावन. दिवाळीआधी दार रंगवायचे ठरलेले होते. छायाचित्रे काढायला आलेल्या लेखिकेच्या पतींनी ते दार बिजागऱ्यांतून उतरवायला लावले, अंगणातल्या तिरक्या उन्हात उभे केले आणि प्रत्येक खुणेचे जवळून छायाचित्र घेतले. पुस्तिकेच्या मधल्या दोन पानांवर ते संपूर्ण दार छापले आहे. चष्म्याखाली चार उभ्या रेघा आडव्या रेघेवाचून तशाच आहेत, आणि तो चष्मेवाला कोण, यावर कोळीवाड्यात अद्याप एकमत झालेले नाही.

तारखांच्या बाबतीत ही मंडळी काटेकोर आहेत. मृत्यूचा दाखला त्यांनी आधी मागितला. १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याप्रमाणे एकवीस दिवसांत नोंद झाली असल्याने तो हाताशी होता. जन्मतारखेचा प्रश्न मात्र होता, कारण शाळेच्या दाखल्यावर तिच्या पिढीतील असंख्य लोकांप्रमाणे १ जून हीच तारीख होती. लेखिकेने ती तशीच न छापता ‘शाळेतील नोंदीप्रमाणे’ असे स्पष्ट लिहिले आणि बाकीचा कालक्रम सर्वांना आठवणाऱ्या घटनांवरून बसवला. धाकट्या मुलाचा जन्म वाशीचा पहिला खाडीपूल सुरू झाला त्या वर्षीचा, म्हणजे १९७३ मधला. बाजारातील जागेचा तंटा ठाण्यात महानगरपालिका आली त्यानंतरचा, म्हणजे १९८२ नंतरचा. आणि २६ जुलै २००५ च्या पावसात घरात शिरलेले पाणी, ज्यात तिच्या लग्नातला फोटो गेला. वर्षश्राद्ध तिथीने होते आणि तिथी दरवर्षी तारखेच्या दहा-अकरा दिवस मागे सरकते, अधिक मास आला तर उलट पुढे जाते, हे लक्षात घेऊन छपाईचे वेळापत्रकही त्यांनीच आखले. आम्ही तारखेच्या हिशेबाने निवांत होतो.

एका प्रसंगात लेखिकेशी आमचे मतभेद झाले आणि त्याची नोंद करायला हवी. आत्याच्या यजमानांना दारूचे व्यसन होते. त्याविषयी लिहू नये, असे तिच्या मुलांनी सांगितले. लेखिकेने ते लगेच मान्य केले. हयात माणसांना दुखावणारे काही छापायचे नाही, हा त्यांचा नियम आहे. परंतु त्याच वेळी ‘पतीच्या खंबीर साथीने तिने संसार केला’ हे आम्ही सुचवलेले वाक्यही त्यांनी काढून टाकले. सांगायचे नसेल तर गाळू, पण उलटे लिहिणार नाही, असे त्यांनी शांतपणे सांगितले. थोरला आतेभाऊ त्या दिवशी रागावून उठून गेला होता. मला त्यांची भूमिका योग्य वाटते, आणि आता बहुधा त्यालाही वाटत असावी, कारण पाहुण्यांना तो पुस्तिका स्वतःच्या हाताने देत होता.

आता उणिवा. पहिली म्हणजे छायाचित्रांवरील नको तेवढी सफाई. मुखपृष्ठाच्या पहिल्या नमुन्यात आत्याच्या चेहऱ्यावरील सुरकुत्या पुसल्या होत्या, रंग दोन छटा उजळ केला होता आणि मागे निळे आकाश आले होते. आतल्या मजकुरात एवढी प्रामाणिकता आणि बाहेर हा प्रकार, याचा मेळ बसत नाही. आम्ही हरकत घेतल्यावर मूळ छायाचित्र परत आले; पण हरकत घेणे गिऱ्हाइकावर सोपवलेले आहे, आणि दुःखात असलेली बहुतेक कुटुंबे ती घेणार नाहीत. दुसरी उणीव अक्षरांची. पुस्तिका वाचणार ते सत्तरीपुढचे लोक, आणि टंक मात्र पाकिटावरील सूचनांएवढा. चार पाने वाढवून अक्षर मोठे केले असते तर खर्च फार वाढला नसता. तिसरी उणीव अधिक गंभीर आहे. नारळी पौर्णिमेच्या जुन्या समूहछायाचित्राखाली ‘डावीकडून’ म्हणून दिलेल्या नावांचा क्रम चुकला आहे आणि दोन बायकांची नावे एकमेकींना गेली आहेत. त्या दोघींपैकी एक हयात आहे. छपाईवाल्यांनी चूक मान्य करून दुरुस्तीच्या चिठ्ठ्या विनामूल्य छापून दिल्या, परंतु मुद्रिते, म्हणजे छपाईआधी तपासायच्या प्रती, वाचायला आम्हाला एकच दिवस मिळाला होता, हेही खरे आहे.

शेवटची तीन पाने हरिपाठातील अभंग आणि कोणाचे ते न सांगता छापलेल्या कवितांनी भरली आहेत. अभंगांना माझी हरकत नाही. आत्या आषाढीला उपवास करत असे. त्या कविता मात्र कोणत्याही आईवर, कोणत्याही घरात चालतील अशा आहेत. त्याऐवजी बर्फवाल्याची मुलाखत पूर्ण द्यायला हवी होती, जी जागेअभावी अर्ध्यावर तोडली आहे.

मुखपृष्ठाच्या आत एक क्यूआर कोड असून तो मोबाइलवर धरला की मुलाखतींचे ध्वनिमुद्रण ऐकू येते. बाजारातील दोघींचे बोलणे त्यात जसेच्या तसे आहे, आणि पुस्तिकेतील सर्वांत जिवंत भाग तोच आहे, असे माझे मत आहे. ही सोय मात्र एकच वर्ष चालू राहते. त्यापुढे वेगळे शुल्क आहे आणि त्याचा उल्लेख पहिल्या अंदाजपत्रकात नव्हता. आम्ही सर्व ध्वनिमुद्रणे पेनड्राइव्हवर मागून घेतली आणि ती त्यांनी कुरकुर न करता दिली. प्रत्येकाने ती मागावीत.

दीडशे प्रतींपैकी बहुतेक वर्षश्राद्धाच्या दिवशीच संपल्या. एक प्रत ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयाला द्यावी, ही सूचना लेखिकेचीच. १८९३ पासून चालत आलेल्या त्या संस्थेत ठाण्याविषयी शोध घेणारे कोणी ना कोणी येणार, आणि त्याला मासळीबाजाराचा हा हिशेब उपयोगी पडेल, असे त्यांचे म्हणणे होते. दर पुस्तिकेमागे लेखिका कुटुंबांना हे सुचवतात.

ज्यांना फक्त छायाचित्र, कुटुंबाची यादी आणि श्रद्धांजलीपर चार ओळी हव्या आहेत त्यांनी इथे येण्याची गरज नाही. ते काम कोणताही डीटीपीवाला दोन दिवसांत आणि याच्या निम्म्याहून कमी पैशांत करून देईल. ज्यांची तास-दोन तास प्रश्नांना उत्तरे देण्याची, शेजाऱ्यांची आणि गिऱ्हाइकांची नावे शोधण्याची तयारी आहे, त्यांना ही सेवा मी निःसंकोच सुचवेन. तिथीच्या किमान तीन महिने आधी जावे, अक्षराचा आकार लेखी ठरवून घ्यावा, छायाचित्रांवर कोणतीही सफाई करू नये असे पहिल्याच दिवशी सांगावे, आणि मुद्रितासाठी आठवडाभर मागावा. पितृपक्षाच्या आधीच्या महिन्यात ते नवीन काम घेत नाहीत. फोन दुपारी उचलला जात नाही; संध्याकाळी सहानंतर दुकानात समक्ष जाणे बरे.