ग्लायडरच्या पंखावरचे किडे उडता उडता पुसणारा मुकेनपुट्झर : वापरून झालेलं मत

दक्षिण जर्मनीतल्या आमच्या क्लबच्या एलएस-४ या बिनइंजिनाच्या ग्लायडरवर हाताने दोरी गुंडाळायचा मुकेनपुट्झर बसवलाय. उन्हाळ्यात लांब पल्ल्याची उड्डाणं करत असाल तर हा घ्याच.

थर्मल, म्हणजे तापून वर चढणारा हवेचा झोत, आपल्याबरोबर चिलटं, मावा, बारीकसारीक माश्याही वर नेतो आणि उंची मिळवायला आपण नेमके त्यातच घिरट्या घालत असतो. पंखाच्या पुढच्या कडेवर आपटून किडा फुटतो, त्याचं रक्त हवा लागताच घट्ट होतं आणि तिथेच चिकटतं. बोट फिरवलं तर जेमतेम खरखर जाणवते. पण हा पंख हवेचा थर शांत, गुळगुळीत वाहावा म्हणून घडवलेला. प्रत्येक डागामागे पाचरीसारखी रुंदावत जाणारी हवेची पट्टी खवळते आणि पाचरी एकमेकींना भिडल्या की हवेचा अवरोध वाढतो. एलएस-४ स्वच्छ असताना १ किमी उंचीच्या बदल्यात साधारण ४० किमी जातो. घरी परतायच्या शेवटच्या टप्प्यात किड्यांनी भरलेला पंख हा हिशेब पार बिघडवतो.

उपकरण साधं आहे. पुढच्या कडेला वरून-खालून कवेत घेणारे दोन हात आणि त्यांच्यामध्ये ताणलेला बारीक धागा. हा धागाच किडे खरवडतो. एरवी ते पंखाच्या मुळाशी, बॉडीला टेकून असतं. वेग कमी करून सरळ उडत दोरी सैल सोडली की वाराच त्याला टोकापर्यंत ढकलत नेतो. मग कॉकपिटमधली चरखी फिरवून परत ओढायचं. एक हात स्टिकवर, दुसरा चरखीवर, त्यामुळे दंड भरून येतो. थर्मलमध्ये आजूबाजूला इतर ग्लायडर असताना तर हे अजिबात करू नका, नजर बाहेरच हवी. स्पर्धेत उतरणाऱ्यांनी सरळ मोटरवाला घ्यावा.

ताजे किडे झकास निघतात. वाळलेल्यांचा मात्र पातळ थर उरतो, म्हणून कड भरायची वाट न पाहता मधूनमधून फिरवत राहावं. धागा झिजतो. सोबतचं माहितीपत्रक फारच त्रोटक आहे. दोरीला किती ताण द्यायचा हे त्यात धड सांगितलेलं नाही, आणि इतक्या महागड्या वस्तूबाबत हे मला पटत नाही.

मोठ्या विमानांना असला पुसणारा धागा कुठला! नासाने २०१५ मध्ये लुइझियानातल्या श्रीव्हपोर्टहून बोइंग ७५७ उडवून किडे न चिकटणारे लेप तपासले; सर्वांत चांगल्या लेपावर, शेजारच्या साध्या पृष्ठभागापेक्षा सुमारे ४० टक्के कमी घाण आढळली. म्हणजे लेप असला तरी पुसणं चुकत नाही.

पुण्यात हडपसरला विंचवरून (दोराने ओढून ग्लायडर वर चढवणाऱ्या यंत्रावरून) वर जाऊन मैदानाभोवतीच फिरणार असाल तर हा खर्च करू नका. उतरल्यावर कोमट पाण्यात भिजवलेलं मऊ फडकं कडेवर थोडा वेळ ठेवायचं आणि मग पुसायचं. कोरडं घासलंत तर पंखावरच्या गुळगुळीत थरावर, जेलकोटवर, ओरखडे पडतील.