'द फास्ट अँड द फ्युरियस' की 'टोकियो ड्रिफ्ट'?

निव्वळ शर्यतींसाठी बघायचं असेल, तर 'द फास्ट अँड द फ्युरियस' या हॉलिवूडच्या चित्रपटमालिकेतला तिसरा भाग, 'टोकियो ड्रिफ्ट' (२००६) उजवा. पहिल्या भागात (२००१) रस्त्यावरची शर्यत म्हणजे सरळ रेषेतली झेप: नायट्रसचं (इंजिनाला क्षणभर जादा जोर देणाऱ्या वायूचं) बटण दाबलं की दिव्यांच्या रेघा होतात आणि काही क्षणांत सगळं आटोपतं. जस्टिन लिनच्या तिसऱ्या भागात मात्र गाडी चालवणाऱ्याचं कसब दिसतं. हँडब्रेक ओढायचा, मागची चाकं मुद्दाम घसरवायची आणि पार्किंगच्या अरुंद वळणांवरून गाडी आडवी काढायची. या कलेचा, म्हणजे ड्रिफ्टिंगचा, बादशहा केइची त्सुचिया तर मासेमाराच्या छोट्या भूमिकेतही दिसतो!

पण माणसं? तिथे पहिला भाग सरस. पॉल वॉकरचा वेश बदललेला पोलीस आणि विन डीझेलचा टोळीप्रमुख यांच्यातली मैत्री आणि फसवणूक खिळवून ठेवते, कथेचा साचा जुनाच असला तरी. उलट तिसऱ्या भागाचा नायक लुकास ब्लॅक शाळकरी पोरगा म्हणून अजिबात पटत नाही. त्याला ड्रिफ्टिंग शिकवणारा सुंग कँगचा हान पडद्यावरून गेला, की चित्रपटातला जीवच जातो.

बायका दोन्हीकडे बहुतेक वेळा गाड्यांची शोभा वाढवायलाच. पहिल्या भागातली मिशेल रॉड्रिग्जची लेटी स्वतः शर्यतीत उतरते, एवढाच काय तो दिलासा.