कब कॅडेट १०२: गवत कापायला घेतला आणि गिअरबॉक्सपर्यंत पोचलो

जुना गार्डन ट्रॅक्टर घ्यायचाय, पहिलाच आहे, कुठला घेऊ, असं कोणी विचारलं की मी आता एकच उत्तर देतो: कब कॅडेटचा नॅरो फ्रेमवाला (अरुंद सांगाड्याचा), आणि त्यातही गिअरचा. माझ्याकडे १०२ आहे, म्हणजे १९६५ ते ६७ या काळातला, दहा हॉर्सपॉवरचा. घेऊन चार वर्षं झाली, त्यातलं पहिलं अख्खं वर्ष तो डब्यांमध्येच होता, नट एका डब्यात, बोल्ट दुसऱ्यात आणि कुठले कुठले ते विचारू नका. तेव्हा हा रिव्ह्यू चालवणाऱ्याचा कमी आणि उघडणाऱ्याचा जास्त आहे. पाचपैकी साडेचार देतो. अर्धा का कापला ते पुढे येईलच.

आधी एक गैरसमज काढून टाकतो. गार्डन ट्रॅक्टर म्हणजे बसून चालवायचं गवत कापायचं मशीन नव्हे. आजकालच्या त्या हलक्या मशीनला नांगर लावला तर नांगर जागेवर राहील आणि मशीनच मागून सुटून येईल. हा खरा ट्रॅक्टर आहे, फक्त लहान. इंटरनॅशनल हार्वेस्टर या अमेरिकन कंपनीने १९६० साली पहिला कब कॅडेट काढला, सात हॉर्सपॉवरचा, आणि मागचा गिअरबॉक्स त्यांच्या फार्मॉल कब या शेतीच्या ट्रॅक्टरच्या कुळातलाच घेतला. त्यामुळे मागचा सगळा भाग म्हणजे बीडाचा जाडजूड गोळा, एकट्याने उचलायला जाल तर कंबर धरून बसाल.

आता मला हा का आवडतो. त्या पहिल्या मॉडेलमध्ये इंजिनापासून गिअरबॉक्सपर्यंत ताकद बेल्टने जायची, पण १९६३ मध्ये ७० आणि १०० नंबरची मॉडेलं आली त्यात थेट शाफ्ट दिला, आणि १०२ त्याच वाटेने पुढे आला. त्याच १९६३ साली जॉन डिअरचा ११० आला, तोही छान मशीन, पण त्याचं ड्राइव्ह बेल्टवर. व्हील हॉर्स कंपनीचे ट्रॅक्टरही बेल्टवरच. बेल्ट वाईट असं मी म्हणत नाही, बदलायला सोपा असतो, पण ओला झाला की घसरतो, सैल झाला की घसरतो, आणि तुम्ही चढावर नांगर लावून उभे असाल तर हमखास घसरतो. शाफ्टला हे सगळं माहीतच नाही. तीन गिअर पुढे, एक मागे, चालत्यात गिअर जुळवून घेणारे सिंक्रो वगैरे काही नाही, गिअर बदलायचा तर पूर्ण थांबायचं आणि मगच बदलायचा. चालत्यात बदलायला गेलात तर जो आवाज येतो तो ऐकून परत कधी जाणार नाही.

शाफ्टची दुखणी मात्र वेगळी. क्लच त्या शाफ्टवरच बसतो, मध्ये फ्रिक्शन डिस्क, दोन्ही बाजूंनी प्लेटा, मागे जाड स्प्रिंग, आणि मागच्या टोकाला कपलिंग जे एका पिनेने गिअरबॉक्सला धरलेलं असतं. ही पिन पत्र्याची गुंडाळी करून बनवलेली असते, स्पायरल पिन म्हणतात, तिच्या जागी आधीच्या मालकाने साधा बोल्ट ठोकला असेल (माझ्यात होता, वर वेल्डिंगचा ठिपका पण) तर समजा भोक लांबट झालंय. मग क्लच सोडताना टक असा आवाज येतो आणि ट्रॅक्टर झटका देऊन निघतो. घ्यायला जाल तेव्हा इंजिन बंद करून, खाली हात घालून शाफ्ट हाताने मागेपुढे फिरवून बघा, किती खेळ आहे ते तिथेच कळतं, मालक काय सांगतो ते बाजूला ठेवा.

इंजिन कोहलरचं, के२४१. एक सिलेंडर, साइड व्हॉल्व्ह, बोअर सव्वातीन इंच, स्ट्रोक पावणेतीनहून जरासा जास्त, म्हणजे ३९० सीसीच्या आसपास. ब्लॉक बीडाचा, त्यामुळे रिबोअर (झिजलेला सिलेंडर कापून थोडा मोठा करणं) करता येतं, एकदा झालं की पुढच्या मापाला परत करता येतं, पिस्टन आणि रिंगा दहा, वीस, तीस हजारांश इंच (म्हणजे ०.०१०, ०.०२०, ०.०३०) मोठ्या मिळतात. आणि कोहलरची ही के सिरीज तेव्हा बहुतेक सगळ्यांनीच वापरलेली, व्हील हॉर्सने, जॉन डिअरने, म्हणून साठ वर्षांनी पण गॅस्केट, रिंगा, कनेक्टिंग रॉड नवे बनतायत. जुनं यंत्र घेताना लोक रंग बघतात, मी म्हणतो आधी गॅस्केट मिळतं का ते बघा.

ऑइल पंप नाही हे नीट लक्षात घ्या. रॉडच्या खालच्या टोकाला एक पळी असते ती ऑइलमध्ये बुडून शिंपडत राहते, झालं वंगण. ऑइल कमी झालं किंवा फार तिरक्या उतारावर बराच वेळ चालवलं की पळी कोरडी फिरते, आणि रॉड ॲल्युमिनियमचा, थेट क्रँकवर चालणारा, त्यात वेगळं बेअरिंग वगैरे नाही, म्हणजे तो क्षणात चिकटतो. दर वेळी सुरू करायच्या आधी डिपस्टिक. चहाच्या आधी दात घासतो तसं.

पॉइंट (ठिणगीची वेळ ठरवणारे, उघडझाप करणारे कॉन्टॅक्ट) बाहेर आहेत, हे ज्याने लहान इंजिनांचं फ्लायव्हील पुलरने काढून पॉइंट बदललेत त्यालाच कळेल किती सुखाचं आहे. के सिरीजमध्ये कॅमशाफ्टवरून एक बारीक दांडी बाहेर येते आणि ब्लॉकच्या बाजूला झाकणाखाली पॉइंट असतात, एक स्क्रू काढला की समोर. गॅप वीस हजारांश इंच, पण खरी मजा त्याच्या पुढे आहे. फ्लायव्हीलवर एस अशी खूण असते, ती खिडकीतून दिसते, ती मधोमध आली की नेमके त्याच क्षणी पॉइंट उघडायला पाहिजेत, टेस्ट लाइट लावून बघा. गेजवर वीस ठेवलं आणि झालं असं समजू नका. माझ्यात गेजने वीस होतं तरी सुरू होताना हाताला झटका द्यायचा, खुणेवर लावल्यावर मुकाट सुरू व्हायला लागला.

टॅपेटची गॅपसुद्धा (व्हॉल्व्ह आणि त्याला ढकलणाऱ्या टॅपेटमधली फट) उघडून बघा, इनटेकला आठ ते दहा आणि एक्झॉस्टला सतरा हजारांश तरी, इंजिन थंड असताना. सीट झिजली की व्हॉल्व्ह खाली बसत जातो आणि गॅप वाढण्याऐवजी कमी होते, मग गरम झालेला एक्झॉस्ट व्हॉल्व्ह नीट बंद होत नाही आणि जळतो. गरम झाला की बंद पडतो, गार झाला की परत सुरू होतो, अशी तक्रार असेल तर लोक कॉइल बदलत बसतात, आधी हे बघा.

कार्ब्युरेटरवर मी माझं सगळ्यात मोठं येडेपण केलं. आयडलला इंजिन वरखाली करत होतं, म्हणून मूळ कार्ब्युरेटर काढून ऑनलाइन स्वस्तातला नवा कोरा चमकणारा कॉपी मागवला. आगीतून फुफाट्यात. त्याची पेट्रोल अडवणारी नीडल बसेना, पेट्रोल ऑइलमध्ये उतरलं, डिपस्टिकला पेट्रोलचा वास, सगळं ऑइल टाकून द्यावं लागलं. परत जुना काढला, बघतो तर त्याला काही झालेलं नव्हतं, फक्त थ्रॉटलचा शाफ्ट बॉडीत ढिला झालेला आणि तिथून हवा खेचत होता. चालू इंजिनवर शाफ्टपाशी क्लीनरचा एक फवारा मारा, आवाज बदलला की चोर सापडला. लेथवाल्याकडून भोक मोठं करून पितळी बुश बसवला, विषय संपला. मूळ बीडाचा कार्ब्युरेटर कधी फेकू नका. कधीच नाही.

स्टार्टर आणि जनरेटर एकच आहे, बेल्टने इंजिनला जोडलेला, सुरू करताना तो इंजिन फिरवतो आणि मग इंजिन त्याला फिरवतं. बेल्ट ढिला असेल तर कम्प्रेशनवर अडकून घसरतो आणि माणूस बॅटरीला शिव्या घालतो. व्होल्टेज रेग्युलेटर बदललात तर जनरेटर पोलराइझ करायचा असतो, म्हणजे त्याची विजेची दिशा ठरवायची, रेग्युलेटरवरच्या बॅटरीच्या आणि जनरेटरच्या टर्मिनलमध्ये वायर टेकवून लगेच काढायची, ठिणगी उडते, घाबरू नका. हे मला कोणी सांगितलं नव्हतं, महिनाभर चार्ज होईना.

पुढचा पीटीओ, म्हणजे इंजिनाची ताकद गवत कापायच्या पात्यांना देणारा भाग. हा वेगळा परिच्छेद घेणार. क्रँकच्या पुढच्या टोकावर हा क्लच बसतो आणि बारीक, बिनडोक्याच्या ग्रब स्क्रूंनी धरलेला असतो. मी स्क्रू काढले, पुलर लावला, हलेना. गंजाचं तेल घातलं, रात्रभर ठेवलं, गरम केलं, दोन संध्याकाळी पुलरशी कुस्ती, शेवटी शेजारच्या काकांनी (ते आयुष्यभर मशीन शॉपमध्ये होते) ॲलन की परत त्याच भोकात घातली आणि म्हणाले, अरे खाली अजून एक आहे की. एकेका भोकात एकावर एक दोन स्क्रू असतात! वरचा खालच्याला लॉक करतो. दुसरा काढल्यावर ते धूड हाताने निघालं. काका काही बोलले नाहीत, नुसते हसत घरी गेले, ते जास्त लागलं.

आणि पाने. सगळं इंचात आहे. आपल्याला तेरा नंबरची सवय, ती अर्ध्या इंचाच्या बोल्टला बसल्यासारखी वाटते पण अर्धा इंच म्हणजे १२.७ मिलिमीटर, गंजलेल्या बोल्टवर जोर लावला की कोपरे गोल. इंची पान्यांचा आणि सॉकेटचा सेट आधी घ्या, ट्रॅक्टर नंतर आला तरी चालेल.

गिअरबॉक्समध्ये हायट्रान ऑइल जातं, सात पाइंट, सव्वातीन लिटर धरा. गिअरच्या दांड्याचा रबर फाटलेला असतो बहुतेकांचा, तिथून पावसाचं पाणी आत जातं. खालचा प्लग काढून ऑइल दुधाळ निघालं म्हणून लगेच व्यवहार मोडू नका, दोनदा धुऊन काढलं की माझा तरी ठणठणीत निघाला, पण ऑइलमध्ये लोखंडाचे चकचकीत तुकडे दिसले तर मात्र नमस्कार करून निघा.

रंगाबद्दल थोडक्यात: पिवळा ४८३, पांढरा ९०१, हे इंटरनॅशनल हार्वेस्टरचे नंबर आहेत, डोळ्यांनी जुळवत बसू नका. पण विकायला आलेला ताजा रंगवलेला ट्रॅक्टर दिसला की मला संशयच येतो, वरून कीर्तन आतून तमाशा. पत्र्याच्या कोपऱ्यात गंज आहे आणि ग्रीसच्या निपलवर ताजं ग्रीस आहे असा ट्रॅक्टर मी आधी घेईन.

अर्धा गुण कापला तो सुरक्षेसाठी आणि थोडा स्टिअरिंगसाठी. सीटखाली स्विच नाही, म्हणजे तुम्ही पडलात तरी ट्रॅक्टर आणि पाती आपले चालूच. ते त्या काळाचं आहे, कंपनीला दोष देत नाही, पण मी सीट स्विच बसवून इग्निशनला जोडलाय आणि हा एक बदल प्रत्येकाने करावा, ओरिजिनल ओरिजिनल करत बसू नये. स्टिअरिंगचा रॉस गिअर झिजला की चाक पाव फेरा फिरतं तरी टायर जागचे हलत नाहीत, ॲडजस्टिंग बोल्टने बराच खेळ जातो, पण आवळताना मध्यापासून दोन्ही टोकांपर्यंत फिरवून बघा, कुठे अडकत नाही ना.

ताकद वाढवायची खुमखुमी असेल तर गव्हर्नरला (इंजिनाचा वेग आवरून धरणाऱ्या यंत्रणेला) हात लावू नका. ३६०० आरपीएम ही हद्द आहे, त्यापुढे बीडाचं फ्लायव्हील फुटू शकतं आणि ते फुटतं तेव्हा बॉम्बसारखंच, ट्रॅक्टरने वजन ओढायच्या (पुलिंगच्या) स्पर्धेवाले उगाच स्टीलचं फ्लायव्हील नाही घालत. जास्त ताकद हवी तर त्याच घरातलं मोठं इंजिन घाला. माझ्याकडे बारा हॉर्सपॉवरचं के३०१ कोपऱ्यात पडलंय, दहावालं थकलं की बसवीन म्हणतो. तोवर ते उघडून आतले बॅलन्स गिअर काढून टाकायचेत. नंतरच्या के इंजिनांमध्ये कंप कमी करायला हे घातलेले असतात, आणि त्यांची पिन झिजून एखादा सुटला तर ब्लॉक फोडूनच बाहेर येतो. काढल्यावर इंजिन थोडं जास्त थरथरतं, थरथरू दे.