सभागृहाच्या भिंतीवर चित्र: थेट गिलाव्यावर की बोर्डांवर?

सोसायटीच्या सभागृहावर मोठं चित्र काढायचं ठरलं की बैठकीत पहिला वाद होतो तो विषयावरून: वारी घ्यायची, की मुळा-मुठेचे पक्षी? माझा आग्रह आहे की आधी भिंत बघा. चित्र थेट गिलाव्यावर काढायचं की सिमेंटच्या बोर्डांवर रंगवून ते भिंतीला बसवायचे, हे तीच सांगते.

आमची भिंत पश्चिमेची. पुण्यात पावसाचा मारा बहुतेक त्याच बाजूनं. नोव्हेंबरात रंगवलेलं चित्र मेपर्यंत देखणं होतं, जुलैत वरच्या कोपऱ्यात फुगे आले आणि पोपडे सुटले. रंग उत्तम प्रतीचा होता, पण गच्चीवरचं पाणी भिंतीत मुरत होतं आणि आतली ओल रंगाला बाहेर ढकलत होती. त्या कोपऱ्यातला सूर्य गेला याचं मला अजून वाईट वाटतं, कारण एका साध्या परीक्षेनं तो वाचला असता. दीड-दोन फुटांचा प्लास्टिकचा कागद चारही कडांना चिकटपट्टी मारून भिंतीवर लावायचा आणि एक दिवस ठेवायचा. आतून थेंब जमले तर भिंत ओली आहे. हात फिरवल्यावर भुकटी येत असेल, तर जुना रंग खरवडल्याशिवाय नवा धरणार नाही. गिलावा नवा असेल तर निदान २८ दिवस त्याला हात लावू नका.

भिंत कोरडी निघाली, तर मी थेट चित्रालाच मत देईन. २०१२ पासून कसबा पेठेत जी भित्तिचित्रं झाली त्यांची मजा यातच आहे की खिडक्या, पाइप, भिंतीचे कोपरे चित्रातच सामावतात. बोर्डांना ते जमत नाही. २४ फूट रुंद, १६ फूट उंच भिंतीला ८ बाय ४ चे १२ बोर्ड लागतात, आणि रेखाटन करतानाच सांधे कुठे पडणार हे पाहिलं नाही तर एखादा सांधा नेमका चेहऱ्यावरून जातो.

पण रहिवाशांनी मिळून रंगवायचं असेल तर पारडं फिरतं. परांचीवर मुलांना आणि आजी-आजोबांना चढवता येत नाही, त्यांच्या वाट्याला खालचे पाच फूटच येतात. बोर्ड हॉलमध्ये जमिनीवर मांडले की सगळ्यांचा हात लागतो. शिवाय पुढे इमारतीची दुरुस्ती निघाली तर ते उतरवून पुन्हा लावता येतात; भिंतीवरचं चित्र गिलाव्याबरोबर जातं. मात्र बोर्डामागे हवा खेळायला इंचभर पोकळी हवी, बोल्ट स्टेनलेस स्टीलचे हवेत, आणि वळवाच्या वाऱ्यात ते टिकतील का हे इंजिनिअरकडून तपासून घ्या. इथे काटकसर नको.

जर्मनीत १८७८ मध्ये पेटंट घेतलेला सिलिकेट रंग गिलाव्याशी रासायनिकरीत्या एकजीव होतो, म्हणून दशकानुदशकं टिकतो. पण त्याला कोरा गिलावा लागतो. आपल्या बहुतेक भिंतींवर आधीच इमल्शनचे थर असतात, म्हणून तो पर्याय मी बाजूला ठेवला.

दोन्हींत बाहेरच्या भिंतीचं ॲक्रिलिक इमल्शनच वापरा. गेरू आणि पिवडीच्या जातीचे, लोहाचे रंग उन्हात टिकतात. भडक गुलाबी आणि स्वस्त लाल आधी उडतात.

थेट भिंतीचं काम दिवाळीनंतर काढा आणि होळीच्या आत संपवा, कारण एप्रिलच्या तापलेल्या भिंतीवर रंग ब्रशखालीच सुकतो. बोर्ड पावसाळ्यातही हॉलमध्ये रंगवता येतात आणि दसऱ्यानंतर चढवता येतात.