कार्बन मोनॉक्साइड अलार्म: घरात ‘काहीतरी आहे’ वाटत असेल तर आधी हा लावा

न्यू जर्सीत जुनं घर भाड्याने घेतलंय, तळघरात जुनाट फर्नेस (घर गरम ठेवणारी भट्टी), म्हणून हा अलार्म मागवला आणि खरंच समाधान आहे. विल्यम विल्मर नावाच्या डोळ्यांच्या डॉक्टरने 1921 मध्ये अमेरिकेतल्या एका कुटुंबाची केस छापली होती, 1912 ला जुन्या घरात राहायला गेले आणि रात्री पावलांचे आवाज, अनोळखी माणसं दिसायची, डोकं दुखायचं, पोरं मलूल, कुंडीतली झाडंसुद्धा मेली, घर झपाटलेलंच वाटायला लागलं आणि शेवटी निघालं काय तर फर्नेस बिघडलेली, तिचा कार्बन मोनॉक्साइडवाला धूर घरात पसरत होता!! बिचाऱ्यांकडे तेव्हा असलं यंत्र कुठलं, आणि ह्या गॅसला ना वास ना रंग, कळणार कसं.

हवेत हा गॅस 70 पीपीएम (म्हणजे दहा लाख भागांत 70 भाग) असला की 1 ते 4 तासांत वाजतो, 400 ला 4 ते 15 मिनिटांत, लागोपाठ चार बीप आले की सगळ्यांनी आधी बाहेर पळायचं. आवाज दणदणीत. डिस्प्ले अंधारात नीट दिसत नाही, त्याचा एक स्टार कापला. बॅटरी सीलबंद, 10 वर्षांनी अख्खा बदलायचा.

पुण्या-मुंबईत बंद बाथरूममध्ये गॅस गीझर आहे त्यांनी तर घ्याच, गीझरने जीव गेल्याच्या बातम्या वाचून काळजात धस्स होतं, आईबाबांसाठी पण एक पाठवतेय.